पॅरासेलिंगला जाताय? आधी वारा, मग दोर, पैसे शेवटी

मालवणजवळच्या देवबागात आमच्या घराच्या चार खोल्या पाहुण्यांसाठी असतात. सुट्टीच्या दिवसांत रोज कुणीतरी पॅरासेलिंगला जातं आणि जवळजवळ रोज तीच गोष्ट घडते. दुपारी सुरमईचं ताट भरपेट जेवायचं, मग किनाऱ्यावर जाऊन एजंटाशी घासाघीस करायची, पैसे भरायचे, आणि बोटीत पाय ठेवताना विचारायचं, "काका, सेफ आहे ना?" पैसे दिल्यानंतर या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं कधी येत नाही.

हा क्रम उलटा आहे. वाऱ्याचा अंदाज आदल्या संध्याकाळी घ्यायचा, पोट सकाळपासून सांभाळायचं, बोट आणि दोर डोळ्यांनी बघायचे आणि पाकीट सगळ्यात शेवटी काढायचं. एवढं जमलं तर उरलेला प्रकार लोकांना वाटतो त्यापेक्षा फार सौम्य असतो. रोलर कोस्टरमध्ये पोटात गोळा येतो तसा इथे येत नाही, कारण तुम्ही खाली कोसळत नाही. दोराने ओढलेली कापडी छत्री वारा धरते आणि तिला अडकवलेल्या तुम्हाला हळूहळू उचलते. उंचीला घाबरणारी माणसंही वर गेल्यावर शांत होतात. त्रास होतो तो बोटीवर थांबताना मळमळून, चुकीच्या पट्ट्यांनी मांड्या कापल्या जाऊन आणि उतरताना घाई करून. मोठे अपघात बहुतेक वेळा वाऱ्यामुळे आणि दोरामुळे होतात.

एक गोष्ट आधीच सांगते. कोकणात हे दोन तऱ्हांनी चालतं. एकात खोल पाण्यातल्या मोटारबोटीच्या मागच्या फळीवरून विंचने, म्हणजे दोर सोडणाऱ्या-गुंडाळणाऱ्या यंत्राने, दोर सोडत तुम्हाला वर नेतात आणि त्याच फळीवर परत उतरवतात. दुसऱ्यात वाळूवर जीप छत्री ओढते, तुम्ही चार पावलं पळता, हवेत जाता आणि वाळूवरच उतरता. दुसऱ्या तऱ्हेपासून लांब राहा, हे माझं स्पष्ट मत आहे. त्यात सुरुवातीचे आणि शेवटचे काही क्षण तुमच्या खाली घट्ट वाळू असते, बाजूला माणसं, सुरूची झाडं, कधी विजेचे खांब असतात, आणि उतरणं पूर्णपणे चालकाच्या अंदाजावर असतं. पुढचं सगळं विंचच्या बोटीबद्दल आहे.

१. आदल्या संध्याकाळी: महिना, तिथी, वारा

पावसाळ्यात, म्हणजे मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत, आपल्या किनाऱ्यावर जलक्रीडा बंद असतात. त्या काळात कुणी "आज समुद्र शांत आहे, नेतो" म्हणालं तर तिथून निघून या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. मार्च ते मे मध्ये दुपारचा वारा जोर धरतो, तेव्हा सकाळच गाठावी.

वाऱ्याचं रोजचं वेळापत्रक समजून घ्या. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. ऊन चढलं की तो पडतो, थोडा वेळ हवा स्तब्ध होते आणि मग समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान तो सगळ्यात जास्त असतो. आमच्या पाहुण्यांतले निम्मे लोक जेवून नेमके तेव्हाच जातात. सकाळी साडेआठ ते अकरा ही वेळ मी सांगते: वारा बेताचा, ऊन सोसवेल असं आणि पोट हलकं.

मोबाइलवर हवामान बघताना एकक बघा. पुष्कळ ॲपवर वारा 'नॉट'मध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, त्यामुळे १७ आकडा बघून लोक निर्धास्त होतात आणि प्रत्यक्षात तो ताशी ३० किलोमीटरच्या वर असतो. किती वाऱ्यात थांबायचं याला आधार हवा असेल तर अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याचा २०१४ चा कायदा बघण्यासारखा आहे. तिथे सलग वारा ताशी २० मैलांच्या, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरच्या वर गेला की व्यावसायिक पॅरासेलिंग बंद करावं लागतं. झोत ताशी २५ मैलांच्या, म्हणजे ४० किलोमीटरच्या वर गेले तरीही बंद. ती शेवटची हद्द आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने ताशी २० किलोमीटरच्या पुढे जाऊ नये, असं मी आमच्या पाहुण्यांना सांगते. सरासरीच्या आकड्याशेजारी झोतांचा आकडा असतो, तोही वाचा. सरासरी १५ आणि झोत ३५ असेल तर तो दिवस सोडून द्या.

भरतीसाठी जुना हिशोब अजून उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीला तीनला भरती, नऊच्या आसपास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. हे कशाला बघायचं? कारण मोठी बोट खोल पाण्यात उभी असते आणि तिच्यापर्यंत छोट्या होडीने जावं लागतं. ऐन ओहोटीला अलिबाग-नागावकडे पाणी फार आत जातं आणि लांब चिखल-वाळू तुडवावी लागते. दक्षिणेला आमच्याकडे फरक कमी, पण खाडीच्या मुखाशी ओढ जास्त. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे उतरत्या पाण्यात होडी चांगलीच हलते.

तपासा: हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेचा उंच लाटांचा इशारा आहे का? बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला आहे का? दोन्हींपैकी एक जरी 'हो' असेल तर बेत रद्द.

२. कुणी बसू नये

गरोदर बाई, हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणारे, फिट येणारे, मणक्याचा किंवा मानेचा जुना त्रास असणारे, अलीकडे शस्त्रक्रिया झालेले. यांनी बसू नये, विषय संपला. स्पाँडिलायटिस 'थोडासाच' आहे म्हणणाऱ्यांनीही नाही, कारण उतरताना बसणारा धक्का थेट कण्यातून जातो. आदल्या रात्री उशिरापर्यंत दारू झाली असेल तर सकाळी तोंडाला वास नसला तरी तोल आणि पोट ठिकाणावर नसतं. तो दिवस खडपावर बसून काढा.

वजनाबद्दल लोक खोटं सांगतात. कृपा करून सांगू नका. वारा कमी आणि माणूस जड असेल तर छत्री नीट उचलत नाही आणि तो पाण्याला घासत जातो. वारा जास्त आणि मूल हलकं असेल तर ते झोके खातं आणि त्याला खाली ओढायला वेळ लागतो. जोडीने जाणार असाल तर वजनांत फार तफावत नको, नाहीतर दोघांचे पट्टे जिला अडकवलेले असतात ती वरची आडवी दांडी एका बाजूला कलते आणि जड माणसाच्या मांडीत पट्टा रुततो. लहान मुलाला 'बाबांबरोबर जाईल' म्हणून पाठवताना त्याला खरंच जायचं आहे का, हे बाबांपासून बाजूला नेऊन विचारा.

३. पोट आणि कपडे

उपाशी जाऊ नका, भरल्या पोटीही जाऊ नका. निघण्याच्या दोन तास आधी हलकं काहीतरी खा: दोन घावणे, मऊभात, केळं. चहा अर्धा कप. तळलेलं, आंबट आणि सोलकढी परत आल्यावर. गाडी लागणाऱ्यांनी मळमळीची गोळी निघण्याच्या किमान अर्धा तास आधी घ्यावी. बोटीवर चढल्यावर घेतलेली गोळी पहिल्या ओकारीत बाहेर पडते. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून नंतर गाडी चालवायची असेल त्याने घेऊ नये, आणि इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

कपड्यांत सगळ्यात महत्त्वाची जागा मांडी. हार्नेसचा, म्हणजे तुम्हाला छत्रीला अडकवणाऱ्या पट्ट्यांच्या साजाचा, पट्टा तिथेच बसतो आणि ओल्या कातडीवर मिठासकट घासतो. गुडघ्यापर्यंत घट्ट बसणारी, लवकर वाळणारी चड्डी किंवा लेगिंग घाला. जीन्स ओली झाली की जड होते आणि शिवणी टोचतात. ओढणी, साडी, गळ्यातला मफलर, लोंबणारे दोरीचे हूड चालणार नाहीत. हूक आणि दोऱ्या जिथे आहेत तिथे लोंबतं कापड नकोच. केस घट्ट वेणी घालून आत खोचा. मंगळसूत्र, अंगठ्या, कानातलं खोलीवर ठेवा. आमच्याकडे नव्या सुना मंगळसूत्र काढायला कचरतात, मग मी त्यांना सांगते की दोन तास ते माझ्या देवघरात राहील. त्या ठेवतात.

चष्मा असेल तर मागे दोरी बांधा. मोबाइल पाण्याच्या पिशवीत घातला तरी वर नेऊ नका, कारण दोन्ही हात पट्ट्यांवर हवे असतात. सनस्क्रीन गालांना, मानेला आणि पावलांच्या वर लावा, कपाळाला नको. खारं पाणी त्यातून डोळ्यांत उतरतं आणि नेमकं वर असताना डोळे चोळता येत नाहीत.

४. किनाऱ्यावर: बोट निवडणं

आधी पाच मिनिटं काहीही न बोलता समुद्राकडे बघा. लाटांच्या माथ्यावर अधूनमधून एखादा पांढरा फेस दिसतो, इथपर्यंत ठीक. नजर जाईल तिथे सगळीकडे फेस फुटत असेल तर वारा ताशी वीस-बावीस किलोमीटरच्या पुढे गेला आहे. माडाच्या झावळ्या एका दिशेला ताणून धरल्यासारख्या दिसल्या तरी तेच.

मग हवेत गेलेली छत्री बघा. तिची बोट पुढे सरकते आहे का? बोट जवळजवळ जागच्या जागी आहे आणि तरी छत्री ताठ उंच उभी आहे, तर सगळा उचल वाराच देतो आहे. अशा वेळी आणखी एक झोत आला तर विंचला माणूस खाली ओढणं अवघड जातं. ही खूण फार थोड्यांना माहीत असते, आणि माझ्या मते किनाऱ्यावरून करता येणारी ही सगळ्यात मोलाची पारख आहे. छत्री डावी-उजवीकडे मोठे झोके घेत असेल तर तेही वाईट लक्षण.

आता माणसं. परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाचा असतो. त्याची प्रत बघायला मागा. बोट चालवणाऱ्याने जलक्रीडेचं प्रशिक्षण कुठे घेतलं ते विचारा. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत बोट हाताळण्याचे आणि जीव वाचवण्याचे अभ्यासक्रम होतात, आणि तिथे शिकलेला माणूस ते अभिमानाने सांगतो. बोटीवर किमान दोन जण हवेत: एक सुकाणूवर, दुसरा विंच आणि माणसांवर. एकटाच सगळं करत असेल तर चढू नका.

दोर हा खरा मुद्दा. खारं पाणी, ऊन आणि वाळू यांनी दोर आतून खराब होतो, आणि सगळ्यात आधी तुटतो तो छत्रीकडच्या टोकाला, गाठीपाशी, कारण गाठ मारली की त्या जागी दोराची ताकद बरीच घटते. चांगले बोटवाले ते टोक ठरावीक दिवसांनी कापून टाकतात आणि नवी गाठ मारतात. म्हणून शेवटचे दोन-तीन वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी) दोर बघायला मागा. केसाळ झालेला, चपटा पडलेला, एका जागी कडक किंवा बारीक झालेला दोर असेल तर नको. विचारायचा प्रश्न एकच: "टोक शेवटचं कधी कापलं?" ज्याला प्रश्नच कळत नाही त्याच्या बोटीवर जायचं नाही.

'तीनशे फूट उंच' या पाटीचा अर्थही समजून घ्या. तो आकडा बहुधा सोडलेल्या दोराचा असतो. दोर तिरका जातो. ३० अंशांच्या कोनात ३०० फूट दोर म्हणजे १५० फूट उंची, ४५ अंशांत सुमारे २१०. एवढी उंची पुष्कळ झाली. जास्त दोर सोडायचा हट्ट धरू नका, कारण जितका दोर जास्त तितका वारा अचानक वाढल्यास खाली आणायला वेळ जास्त.

सावध: पैसे घेणारा एजंट आणि बोट चालवणारा ही वेगळी माणसं असतात. एजंटाने दाखवलेली बोट आणि तुम्हाला नेणारी बोट एकच आहे का, ते नावावरून ताडून पाहा.

५. पैसे

आता पाकीट काढा. दरात काय काय येतं ते आधी बोलून घ्या: होडीचं भाडं, व्हिडिओ, पाण्यात बुडवून काढतात तो 'डिप'. वारा वाढला आणि फेरी रद्द झाली तर पैसे परत, हे दोघा-तिघांसमोर वदवून घ्या. बनाना, बंपर, जेट स्की आणि पॅरासेलिंग असं एकत्र पॅकेज घेतलंत तर पॅरासेलिंग सगळ्यात आधी करा. बनानावरून दोनदा पाण्यात पडून, खारं पाणी पिऊन, दमलेल्या हातांनी वर जाण्यात काही मजा नाही.

६. होडी, मोठी बोट आणि थांबणं

लाइफ जॅकेट वाळूवरच घाला, होडीत बसल्यावर नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. ते लोक हवेत नव्हते, बोटीत होते. जॅकेट कसं बसलं ते बघायची सोपी रीत: सगळे पट्टे आवळल्यावर सोबतच्या माणसाला खांद्यांपाशी धरून जॅकेट वर उचलायला सांगा. ते कानांपर्यंत आलं तर सैल आहे, पाण्यात ते तुमच्या डोक्यावरून निघून जाईल.

होडीतून मोठ्या बोटीवर चढताना लोक धडपडतात. दोन्ही बोटी वरखाली होत असतात. होडी वर येईल त्या क्षणी पाऊल टाका आणि हात खलाशाच्या मनगटाला द्या, बोटांना नाही. दोन बोटींच्या मध्ये हात किंवा पाय कधीही ठेवू नका.

आणि मग थांबणं. एका बोटीवर बरेच जण असतात, प्रत्येकाचा नंबर लागतो, आणि हवेतली तुमची मिनिटं मोजकी असली तरी डुलत्या बोटीवरची मिनिटं त्याच्या कितीतरी पट असतात. बहुतेक लोक इथेच आजारी पडतात. मागच्या बाजूला धुराजवळ बसू नका. मध्यभागी, बाहेरच्या हवेत बसा. मोबाइल खिशात. नजर क्षितिजावर ठेवा, मालवणच्या बाजूला असाल तर सिंधुदुर्गाच्या तटबंदीवर ठेवा. जी गोष्ट हलत नाही तिच्याकडे बघितलं की पोट निवतं. तोंडाला पाणी सुटून जांभया येऊ लागल्या तर ती मळमळीची सुरुवात आहे. लगेच सांगा आणि तुमचा नंबर आधी लावायला सांगा. वर गेल्यावर डुलणं थांबतं आणि पुष्कळांना बरं वाटतं. ओकारी आलीच तर वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूच्या कठड्याशी जा.

७. हार्नेस: इथे घाई करू नका

गेल्या वर्षी माझा भाचा दुसऱ्या एका गावच्या किनाऱ्यावर वर जाऊन आला आणि चार दिवस त्याच्या दोन्ही मांड्यांवर काळेनिळे वळ होते. पायाचे पट्टे वर, अगदी जांघेत बसवले होते. त्याला ते टोचत होतं, पण मागे रांग होती म्हणून तो बोलला नाही. तुम्ही बोला.

हार्नेसमध्ये कमरेचा एक पट्टा असतो आणि दोन पायांचे, आणि खांद्यांच्या बाजूने वर गेलेल्या पट्ट्या आडव्या दांडीला हुकांनी अडकतात. क्रम असा. आधी लाइफ जॅकेट पूर्ण बंद, मग त्यावर हार्नेस. कमरेचा पट्टा बेंबीच्या पातळीला, तळहात सरकेल पण मूठ जाणार नाही एवढा घट्ट. पायाचे पट्टे मांडीच्या मागच्या बाजूला सपाट, पीळ न पडता, जांघेपासून थोडे खाली सरकवलेले, म्हणजे वर गेल्यावर तुम्ही झोपाळ्यात बसल्यासारखे बसाल. पुरुषांनी इथे विशेष काळजी घ्यावी आणि लाज बाळगू नये.

मग फळीवर बसून दोन्ही पट्ट्या हातांनी वर ओढून बघा. वजन मांड्यांवर आणि ढुंगणावर यायला हवं. कमरेवर किंवा जांघेत येत असेल तर पुन्हा बांधायला लावा.

तपासा: तुमच्या डोळ्यांदेखत हूक बंद झाला का? त्याची कळ लागली का? दोन्ही बाजूंचे हूक स्वतः बोटाने दाबून बघा. जोडीदाराचेही बघा.

वर गेल्यावर तुमचा आवाज खाली पोहोचत नाही. म्हणून खूण आधी ठरवा: दोन्ही हात डोक्यावर आडवे हलवले म्हणजे लगेच खाली घ्या. आणि खलाशाला विचारून ठेवा की पाण्यात उतरावं लागलं तर हूक कोण आणि कसा सोडतो. हवेत असताना कुठल्याही पट्ट्याला हात लावायचा नाही, तो कितीही टोचला तरी.

८. वर जाणं

बोट वाऱ्याच्या तोंडावर वळते, मागे छत्री फुगते आणि हार्नेसला पहिला हिसका बसतो. घाबरणारा माणूस याच क्षणी उभा राहतो किंवा उडी मारतो. दोन्ही चूक. फळीवर बसूनच राहा, पाय सैल, गुडघे किंचित वाकलेले, हात खांद्यांजवळच्या पट्ट्यांवर. हूक, दांडी किंवा मुख्य दोर धरू नका, बोटं चिरडतात. आमच्याकडचे खलाशी म्हणतात, "ताई, पाय ढिले सोडा, काय होवचा नाय." त्यातला पहिला भाग अगदी खरा मानायचा.

दोन-तीन सेकंदांत ढुंगण फळीवरून सुटतं. पुढचे दहा-पंधरा सेकंद सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण बोट झपाट्याने लहान होत जाते आणि हार्नेस अंगावर बसत असतो. तेवढ्यात श्वास रोखला जातो. मुद्दाम जोरात सोडा. ओरडावंसं वाटलं तर ओरडा, त्याने श्वास आपोआप चालू होतो.

९. वर असताना

इंजिनाचा आवाज विरतो आणि अचानक शांतता येते. सगळ्यांना पहिल्यांदा याचंच नवल वाटतं. कापडाची फडफड आणि वारा, बाकी काही नाही. वर गेल्यावर बोट कितीही वेगात असली तरी वेग जाणवत नाही. हळू झोका लागतो, आणि तो नेहमीचा असतो. मांडीखाली दाब येतो. पाय थोडे पुढे करून पाठ मागे टेकली तर कमी होतो. पायांना मुंग्या आल्या तर घोटे फिरवा.

खाली बघून गरगरत असेल तर खाली बघू नका, किनाऱ्याच्या रेषेकडे बघा. इथे माडांची रांग, तिच्यामागे खाडी, समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये देवबागची चिंचोळी पट्टी एका नजरेत दिसते. मी इथेच जन्मले, पण माझं गाव इतकं अरुंद आहे हे मला पहिल्यांदा वरून कळलं. स्वच्छ पाण्यात किल्ल्याभोवतीचे खडक काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात.

सावध: झोके वाढत जाऊन तुम्ही बोटीच्या एका बाजूला खूप दूर फेकले जात असाल, किंवा बोट थांबली तरी तुम्ही वरच जात असाल, तर ठरलेली खूण करा. वाट बघू नका.

१०. डिप आणि उतरणं

विंच दोर ओढू लागते, तुम्ही खाली येता. डिप ठरला असेल तर बोट वेग कमी करते आणि पाय पाण्याला लागतात. तोंड बंद, श्वास आत, पाय जवळ आणि गुडघे वाकलेले. पाय ताठ लांब केले तर पाणी त्यांना मागे खेचतं आणि तुम्ही पुढे तोंडावर जाता. पहिल्या वेळी डिप घेऊ नका असं मी म्हणेन, आणि लाटा कमरेएवढ्या असतील तर कुणीच घेऊ नये. ज्यांना पोहता येत नाही त्यांना अचानक पाण्याला लागल्यावर तोंड मिटायचं सुचत नाही. त्यांनी पैसे भरलेले असले तरी डिप सोडून द्यावा.

फळीवर उतरताना सगळ्यात जास्त मुरगळे होतात. बोट हलते, तुम्ही हलता, आणि अंतर नजरेला चुकतं. पाय समोर उचला आणि बसल्या स्थितीतच फळीवर या. हातांनी आधार घेण्याची ऊर्मी येते. मनगटं त्यानेच मोडतात. हात पट्ट्यांवरच ठेवा, खलाशी तुमच्या हार्नेसला धरून खाली बसवतो. बसल्यावर उठू नका. छत्री अजून फुगलेली असते आणि तुम्हाला परत उचलू शकते. दोन्ही हूक सुटले, खलाशाने "झालं" म्हटलं, मगच बाजूला सरका. पायाचा पट्टा आधी स्वतः सोडणं ही दर मोसमात बघायला मिळणारी चूक आहे.

११. दोर तुटला किंवा पाण्यात उतरलात तर

नोव्हेंबर २०२१ मध्ये दीवच्या नागवा किनाऱ्यावर दोर तुटून एक जोडपं छत्रीसकट समुद्रात उतरलं. दोघांच्याही अंगावर लाइफ जॅकेट होतं आणि ते वाचले. दोर तुटला म्हणजे माणूस दगडासारखा पडत नाही. छत्री उघडीच असते आणि पॅराशूटसारखी खाली येते, पण वारा जिकडे नेईल तिकडे. दुपारचा खारा वारा किनाऱ्याकडे नेतो, म्हणजे माड, घरं आणि तारा यांच्याकडे. बोट किनाऱ्यापासून भरपूर आत असायला हवी ती याचसाठी. ती जवळ घुटमळत असेल तर वर जाण्याआधीच सांगा.

पाण्याला लागताना पाय जवळ, गुडघे वाकलेले, तोंड बंद. लागल्यावर लगेच पाठीवर व्हा. वारा छत्रीला ओढत असेल तर तुम्ही ओढले जाल. पाठीवर असाल तर तोंड पाण्याच्या वर राहतं. पोहायचा प्रयत्न करू नका. कापड डोक्यावर पडलं तर दोन्ही हात वर करून ते उचला, खाली हवेची जागा होते. मग एकाच दिशेने, हातावर हात घेत कापड डोक्यावरून मागे सारत बाहेर या. पाय झाडले की दोऱ्या गुंततात, म्हणून पाय स्थिर ठेवा.

किनाऱ्यावर थांबलेल्या माणसाकडे तटरक्षक दलाचा १५५४, सागरी सुरक्षेचा १०९३ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे नंबर असू द्या. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी बोटीवर जाऊ नये, एक जण वाळूवर राहिलाच पाहिजे.

१२. परत किनाऱ्यावर

जमीन थोडा वेळ डुलल्यासारखी वाटते, ते अर्ध्या-एक तासात जातं. गोड्या पाण्याने लगेच अंघोळ करा. मांड्या लाल झाल्या असतील तर धुऊन, कोरड्या करून खोबरेल लावा. मिठाचं पाणी तसंच ठेवून वर तेल लावलं तर आग होते. मीठ घातलेलं कोकम सरबत घोटघोट प्या.

मान किंवा पाठ दुखत असेल आणि हातापायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर मालिश नको, डॉक्टरकडे जा. पाणी नाकातोंडात गेलं असेल आणि नंतर खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल किंवा मूल नेहमीपेक्षा जास्त सुस्त पडलं असेल, तर तो थकवा समजून झोपवू नका. त्रास काही तासांनी सुरू झाला तरी रुग्णालय गाठा.

हे काही नसेल तर तासाभराने पोट स्वतःच सांगतं. सुरमई तेव्हा.